‘व्हेरी’, ‘टू’, ‘हार्डली’ आणि ‘नॉट’ : इंग्रजीतील तीव्रतादर्शक व नकारदर्शक क्रियाविशेषणे

नोकरभरतीच्या जाहिरातीच्या तळाशी ‘ऑल कॅन्डिडेट्स विल नॉट बी कॉल्ड फॉर इंटरव्ह्यू’ अशा धर्तीचे वाक्य अनेकदा छापलेले आढळते. अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच मुलाखतीस बोलावले जाणार नाही, निवडक उमेदवारांनाच बोलावणे जाईल, असे लिहिणाऱ्याला म्हणायचे असते. पण वाक्य काटेकोरपणे वाचले तर एकाही उमेदवाराला बोलावणार नाहीत, असाही त्याचा अर्थ निघतो. मराठीत हा घोटाळा होत नाही. ‘सगळ्यांना बोलावणार नाही’ या वाक्याविषयी कोणाला शंका आली, तर ‘सगळ्यांनाच’ म्हटले की ती फिटते. एका ‘च’ने नकाराची मर्यादा ठरते. इंग्रजीत असा ‘च’ नाही. तिथे तेच काम शब्दाच्या जागेवरून करून घ्यावे लागते: ‘नॉट ऑल कॅन्डिडेट्स विल बी कॉल्ड’. शब्द तेच राहिले, ‘नॉट’ तेवढा वाक्याच्या शेंड्यावर आला आणि संदिग्धता संपली.

इंग्रजी शिकताना विद्यार्थी नामे आणि क्रियापदे पाठ करण्यात वर्षे घालवतो. ‘खूप’, ‘फार’, ‘अगदी’, ‘मुळीच’, ‘क्वचित’ या अर्थांचे शब्द चिल्लर समजले जातात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात नामाचे स्पेलिंग चुकले तर वाचणारा फार तर हसतो. या चिल्लर शब्दांपैकी एक चुकला तर वाक्याचा अर्थ उलटा होऊ शकतो, आणि मग तो भाडेकराराच्या मसुद्यात, शिफारसपत्रात किंवा रुग्णालयातील खाटेवर महागात पडतो. गोव्यात प्राथमिक शिक्षण मराठीतून घेऊन पाचवीपासून इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या मुलांच्या वह्यांत या चुका ठरावीक साच्याच्या असतात. साचा ठरावीक असण्याचे कारणही एकच आहे. शब्दाला शब्द अशी जोडी लावून दिलेली असते: ‘खूप’ म्हणजे ‘व्हेरी’, ‘कोणीच’ म्हणजे ‘नोबडी’, ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’, ‘ही’ म्हणजे ‘टू’. यांपैकी एकही जोडी पूर्णपणे खरी नाही.

एका ‘खूप’चे अनेक वाटेकरी

‘खूप’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ ‘खूब’ म्हणजे चांगले. चांगलेपणाचा अर्थ झिजून पुष्कळपणाचा अर्थ उरला. इंग्रजी ‘व्हेरी’चाही प्रवास असाच आहे. जुन्या फ्रेंच भाषेतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘खरा’ असा होता. ‘खरोखर थकलेला’ म्हणता म्हणता ‘फार थकलेला’ हा अर्थ रुळला. आजचे ‘रिअली’ आणि ‘ट्रूली’ त्याच वाटेने निघाले आहेत. ‘ऑफुली’ आणि ‘टेरिबली’ यांचा उगम भीतीत आहे, तरी ‘ऑफुली नाइस’ म्हणताना कोणी घाबरलेले नसते. मराठीत ‘भयंकर आवडले’ म्हणणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. असे शब्द बोलण्यात शोभतात, अर्जात किंवा अहवालात शोभत नाहीत, हा नियमही दोन्ही भाषांत सारखाच आहे.

फरक पडतो तो शब्दाच्या हद्दीत. मराठीतला ‘खूप’ कुठेही बसतो. खूप गोड, खूप हळू, खूप आवडते, खूप पाणी, खूप अधिक चांगले. इंग्रजीने हे वतन निरनिराळ्या शब्दांत वाटून दिले आहे. ‘व्हेरी’ला फक्त विशेषण आणि क्रियाविशेषण मिळाले: ‘व्हेरी स्वीट’, ‘व्हेरी स्लोली’. क्रियापदाशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘आय व्हेरी लाइक इट’ हे वाक्य चूक ठरते आणि ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असे म्हणावे लागते. इथे जागाही सांभाळावी लागते. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये ‘व्हेरी मच’ घुसवू नये. ‘आय लाइक व्हेरी मच फिश करी’ ऐवजी ‘आय लाइक फिश करी व्हेरी मच’ हे बरोबर.

तुलना आली की ‘व्हेरी’ पुन्हा मागे हटते. ‘व्हेरी बेटर’ असा प्रयोग इंग्रजीत नाही. ‘मच बेटर’ किंवा ‘फार बेटर’ असे म्हणतात. या इंग्रजी ‘फार’चे मराठी ‘फार’शी काही नाते नाही, पण उच्चार आणि अर्थ इथे योगायोगाने जुळले आहेत, आणि लक्षात ठेवायला त्याचा उपयोग करून घेण्यास हरकत नाही. हा ‘फार’ मात्र तुलनेतच चालतो. ‘फार बेटर’ बरोबर, ‘फार गुड’ चूक. ‘सर्वांत’चा भाव असेल तेव्हा ‘बाय फार द बेस्ट’ असे म्हणता येते. भूतकालवाचक धातुसाधितांपुढे जुने लेखक ‘मच’ वापरीत, उदाहरणार्थ ‘मच ॲडमायर्ड’. पण ‘टायर्ड’, ‘प्लीज्ड’, ‘वरीड’ यांसारखी जी धातुसाधिते आता निव्वळ विशेषणे झाली आहेत त्यांना ‘व्हेरी’च लागते.

‘टू’ या शब्दाने मराठी माणसाची सर्वाधिक फसगत केली आहे. ‘टू’ म्हणजे खूप नव्हे. ‘अति तेथे माती’ या म्हणीतला जो ‘अति’, तो इंग्रजीत ‘टू’. त्या ‘अति’मागून येणारी ‘माती’ही त्याच शब्दात दडलेली असते. किनाऱ्यावरचा जीवरक्षक ‘द सी इज व्हेरी रफ’ म्हणाला तर ते समुद्राचे वर्णन झाले. ‘द सी इज टू रफ’ म्हणाला तर ती पाण्यात न उतरण्याची सूचना झाली. यजमानाच्या घराची स्तुती करताना ‘युअर हाउस इज टू ब्यूटिफुल’ म्हटले तर इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा श्रोता पुढचे वाक्य ऐकायला थांबतो, कारण सौंदर्य अति झाल्याने काय बिघडले हे अजून सांगायचे राहिलेले असते. भारतीय इंग्रजीत ‘टू गुड’ ही स्तुती म्हणून रूढ झाली आहे आणि मित्रांच्या गप्पांत ती कोणाला खटकत नाही. परदेशी ग्राहकाला पाठवायच्या पत्रात ती नसावी. ‘ओन्ली टू ग्लॅड’ आणि ‘नॉट टू बॅड’ हे दोन प्रयोग या नियमाला अपवाद आहेत. पहिल्यात आनंद ओसंडतो, दुसऱ्यात ‘बरे चालले आहे’ एवढाच भाव असतो.

‘टू’मध्ये नकार मुरलेला असल्यामुळे पुढे वेगळा नकार लागत नाही. ‘तो इतका अशक्त आहे की चालू शकत नाही’ हे ‘ही इज टू वीक टू वॉक’ या पाच-सहा शब्दांत येते. शाळेतील ‘रिमूव्ह टू’ या प्रश्नाने या रचनेचा सराव होतो खरा, पण त्यातूनच ‘ही इज टू वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ अशी संकरित वाक्येही जन्माला येतात. ‘दॅट’ आणि ‘कॅनॉट’ हवे असतील तर त्यांच्या आधी ‘सो’ हवा. ‘टू’ आला की त्या दोघांना रजा. ‘इनफ’ हा शब्द याच कुळातला, पण तो उलट्या बाजूला बसतो. मराठीत ‘पुरेसा मोठा’, इंग्रजीत ‘बिग इनफ’. विशेषणाआधी त्याला बसवू नये.

‘क्वाइट’ हा सर्वांत मायावी. ‘क्वाइट राइट’ म्हणजे अगदी बरोबर, पण ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे, याचे उत्तर पुढच्या विशेषणात आहे. चांगले, थंड, मोठे, महाग यांना पायऱ्या असतात. कमी चांगले, जास्त चांगले असे म्हणता येते. अशा विशेषणापुढे ब्रिटिश माणसाचा ‘क्वाइट’ त्या जिन्याच्या मध्यावर थांबतो. बरोबर, रिकामे, अशक्य, परिपूर्ण यांना पायऱ्या नसतात. तिथे ‘क्वाइट’ थेट ‘अगदी’ होतो. इंग्लंडमधील स्विंडन शहरात गोव्यातून गेलेली मोठी वस्ती आहे. तिथल्या कारखान्यात पर्यवेक्षकाने कामाला ‘क्वाइट गुड’ म्हटले तर ते ठीकठाक असल्याचे प्रमाणपत्र समजावे, पाठ थोपटली असे समजू नये. अमेरिकेत मात्र त्याच दोन शब्दांत स्तुतीचा अंश बराच अधिक असतो. ‘फेअरली’ आणि ‘रादर’ हे शेजारी शब्दही मध्यावरचेच. पण ‘फेअरली वॉर्म’ म्हणणाऱ्याला ऊब हवीशी आहे आणि ‘रादर वॉर्म’ म्हणणाऱ्याला ती बहुधा नकोशी झाली आहे.

पायऱ्या असलेली आणि नसलेली विशेषणे हा भेद मराठीला नवा नाही. कोणताही मराठी माणूस ‘अगदी बरोबर’ म्हणतो, ‘खूप बरोबर’ म्हणत नाही. हाच कान इंग्रजी लिहिताना वापरला तर ‘व्हेरी एक्सलंट’, ‘व्हेरी परफेक्ट’, ‘व्हेरी इम्पॉसिबल’ हे प्रयोग आपोआप टळतील. त्यांच्या जागी ‘ॲब्सोल्यूटली’, ‘कम्प्लीटली’, ‘परफेक्टली’ हे शब्द येतात. ‘युनिक’ म्हणजे एकमेव. एकमेव वस्तू फार एकमेव कशी असेल? जाहिरातींनी ‘व्हेरी युनिक’ प्रचारात आणला आहे. चोखंदळ संपादक तो अजूनही कापतात आणि ते योग्यच करतात.

काही विशेषणांनी तर आपला तीव्रतादर्शक सोबती कायमचा ठरवून टाकलेला असतो. या बाबतीत मराठी इतकी श्रीमंत आहे की इंग्रजीची बाजू तिला पटकन उमजावी. रंग काळा असेल तर तो कुट्ट, पांढरा असेल तर शुभ्र, हिरवा असेल तर गार, पिवळा असेल तर धमक. या जोड्यांची अदलाबदल कोणी करीत नाही आणि ‘पिवळाकुट्ट’ म्हणणारा मराठी शिकत आहे हे लगेच कळते. इंग्रजीत झोपेला ‘फास्ट’ किंवा ‘साउंड’ लागते, जागेपणाला ‘वाइड’: ‘फास्ट अस्लीप’, ‘वाइड अवेक’. आपली झोप गाढ आणि जाग टक्क, तसेच हे. ‘व्हेरी अस्लीप’ म्हणणे इंग्रजी कानाला ‘खूप झोपलेला’सारखेच ओबडधोबड वाटते. कोरी करकरीत वस्तू ‘ब्रँड न्यू’, थंडगार झालेला चहा ‘स्टोन कोल्ड’, कडकडून लागलेली भूक ‘रॅव्हनसली हंग्री’. ‘डीपली ग्रेटफुल’, ‘बिटरली डिसअपॉइंटेड’, ‘हायली क्वालिफाइड’, ‘स्ट्राँगली रेकमेंड’ या जोड्या औपचारिक पत्रव्यवहारात रोज लागतात. त्यांना नियम नाही. वाचनातून त्या कानावर बसाव्या लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी ‘व्हेरी’ टाकून मोकळे होण्याच्या सवयीवर तोच एक इलाज आहे.

राहिला ‘च’. मराठीत आणि कोंकणीतही हे एक अक्षर जेवढा जोर देते तेवढा देणारा एकही शब्द इंग्रजीत नाही, म्हणून त्याच्या जागी ‘ओन्ली’ बसवला जातो. ‘तो तिथेच राहतो’ याचे ‘ही लिव्ज देअर ओन्ली’ होते आणि ऐकणाऱ्याला वाटते की तो फक्त तिथे राहतो, अन्यत्र राहत नाही. ‘च’चा अर्थ ‘फक्त’ असेल तेव्हाच ‘ओन्ली’ वापरावा. ‘त्याच दिवशी’ म्हणायचे असेल तर ‘दॅट व्हेरी डे’. ‘त्यानेच सांगितले’ असेल तर ‘इट वॉज ही हू टोल्ड मी’. ‘मला माहीतच नव्हते’ असेल तर ‘आय डिड नॉट नो ॲट ऑल’. पुष्कळदा तर काहीच लिहावे लागत नाही, बोलताना त्या शब्दावर आवाजाचा भार दिला की ‘च’ उमटतो.

नकार किती वेळा?

‘नोबडी डिड नॉट कम.’ मराठी घरातील मुलाने लिहिलेले हे वाक्य शिक्षक लाल शाईने खोडतो आणि मराठीत दोन नकार चालतात, इंग्रजीत एकच चालतो, असे स्पष्टीकरण देतो. हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी अर्धवट आहे. ‘कोणीच आले नाही’ या वाक्यात नकार दोनदा नाहीच. ‘कोणी’ हा शब्द नकारार्थी नसून अनिश्चित आहे. ‘कोणी आले आहे का?’ या प्रश्नात त्याला नकाराचा स्पर्शही नाही. त्याला ‘च’ने जोर दिला आणि खरा नकार शेवटच्या ‘नाही’ने केला. म्हणजे ‘कोणीच’ हा ‘नोबडी’चा प्रतिशब्द नसून ‘एनीबडी ॲट ऑल’चा आहे. ‘कधीच’ म्हणजे ‘एव्हर’, ‘काहीच’ म्हणजे ‘एनीथिंग’, ‘कुठेच’ म्हणजे ‘एनीव्हेअर’. त्यांच्यापुढे ‘नाही’ आल्यावर मगच ‘नेव्हर’, ‘नथिंग’ आणि ‘नोव्हेअर’ तयार होतात. कोशात मात्र ‘नेव्हर = कधीच नाही’ या नोंदीतला ‘नाही’ डोळ्याआड होतो आणि गणित चुकते.

दोन नकारांनी होकार होतो हेही मराठीला ठाऊक आहे. ‘तो आल्याशिवाय राहणार नाही’ म्हणजे येणारच. ‘मला ते पटले नाही असे नाही’ म्हणजे थोडेफार पटले. मुद्दा इतकाच की इंग्रजी वाक्यात ‘नोबडी’, ‘नथिंग’, ‘नेव्हर’ यांपैकी एक आला की नकाराचा कोटा संपतो आणि क्रियापद होकारार्थी ठेवावे लागते: ‘नोबडी केम’. कर्त्याच्या जागी ‘एनीबडी’ आणून ‘एनीबडी डिड नॉट कम’ म्हणणेही चालत नाही. नकार ‘एनी’च्या आधी यावाच लागतो, म्हणून ‘आय डिड नॉट सी एनीबडी’ बरोबर. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाशी असतो. ऐकणारा तोवर धीर धरतो. इंग्रजी श्रोत्याला तो लवकर हवा असतो.

ही शिस्त इंग्रजीत अनादिकाळापासून होती असे मुळीच नाही. प्राचीन इंग्रजीत क्रियापदाआधी ‘ने’ हा छोटा नकार येई. तो दुबळा वाटू लागला तेव्हा जोर देण्यासाठी क्रियापदानंतर ‘काहीच नाही’ या अर्थाचा आणखी एक शब्द जोडला गेला. पुढे ‘ने’ गळून पडला आणि तो जोडशब्द झिजून आजचा ‘नॉट’ झाला. नकार दुबळा होणे, त्याला टेकू देणे आणि टेकूनेच मूळ जागा बळकावणे, हे चक्र डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन याने १९१७ साली आपल्या ग्रंथात मांडले आणि ते आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. चॉसरच्या काळी एका वाक्यात दोन-तीन नकार सहज येत आणि ते एकमेकांना खोडण्याऐवजी नकार पक्का करीत. शेक्सपिअरच्या नाटकांतही त्यांची उदाहरणे आहेत. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिणारा इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. मागे सोडून आलेल्या त्याच्या मायभाषेत दुहेरी नकार अजून पुरता हद्दपार झालेला नव्हता. सुशिक्षितांच्या लेखनातून तो पुढील दीड-दोन शतकांत मागे पडत गेला. बिशप रॉबर्ट लाउथ याचे इंग्रजी व्याकरण १७६२ साली प्रथम प्रसिद्ध झाले. दोन नकार परस्परांना नष्ट करतात हा नियम त्याच्या पुढील आवृत्तीतून शाळाशाळांत पोहोचला. बोलीभाषांत आणि लोकप्रिय गाण्यांत दुहेरी नकार आजही नांदतो. त्यामुळे तो ऐकू आला तर बोलणारा अडाणी आहे असे मानण्याचे कारण नाही. परीक्षेत आणि पत्रात मात्र तो घेऊ नये.

पोर्तुगीजमध्ये ‘कोणीही नाही’ या अर्थाचा शब्द क्रियापदानंतर आला की क्रियापदापूर्वी आणखी एक नकार घालणे शुद्ध भाषेतही आवश्यक असते. लायसियममध्ये पोर्तुगीजमधून शिकून नंतर इंग्रजीकडे वळलेल्या पिढीला म्हणूनच हा एकच नकार पुरवून वापरण्याचा काटकसरीपणा दोन्ही बाजूंनी परका होता.

नकाराचे छुपे शब्द

‘नॉट’ दिसतो तरी. ‘हार्डली’ दिसत नाही. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाने काम करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करीत नाही. ‘ली’ जोडला की क्रियाविशेषण होते हा नियम डोक्यात बसलेला हितचिंतक शिफारसपत्रात दुसरे वाक्य लिहितो आणि ज्याचे भले करायचे त्याचीच नोकरी घालवतो. ‘हार्डली’चा ‘कष्टाने’ हा अर्थ जुन्या इंग्रजीत होता, आता तो उरलेला नाही. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांचेही तसेच. उशिरा आलेल्या माणसाबद्दल ‘ही केम लेटली’ लिहिले तर तो अलीकडे आला असा अर्थ होतो.

‘हार्डली’, ‘स्कर्सली’, ‘सेल्डम’ आणि ‘रेअरली’ हे सगळे शब्द नकाराच्या गोटातले. त्यांच्याबरोबर ‘नॉट’ चालत नाही. ‘आय कान्ट हार्डली हिअर’ ऐवजी ‘आय कॅन हार्डली हिअर’. त्यांच्यामागून ‘सम’ऐवजी ‘एनी’ आणि ‘ऑल्वेज’ऐवजी ‘एव्हर’ येतो: ‘हार्डली एनी मनी’, ‘हार्डली एव्हर’. वाक्याच्या शेवटी जोडायचा प्रश्नही होकारार्थी होतो: ‘ही हार्डली ईट्स, डझ ही?’ ‘बेअरली’ त्यांच्याच पंगतीला बसतो, पण त्याच्या पानात थोडे अधिक वाढलेले असते. ‘ही बेअरली पास्ड’ म्हणजे काठावर का होईना, उत्तीर्ण झाला.

हे शब्द वाक्यारंभी आले की क्रियापदाचे साहाय्यक रूप कर्त्याच्या पुढे उडी मारते: ‘सेल्डम हॅव वी सीन सच रेन’. ‘बस सुटते न सुटते तोच पाऊस आला’ ही मराठी रचना इंग्रजीत दोन प्रकारे मांडता येते. ‘नो सूनर हॅड द बस लेफ्ट दॅन इट रेन्ड’ आणि ‘हार्डली हॅड द बस लेफ्ट व्हेन इट रेन्ड’. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप असल्याने त्याला ‘दॅन’ लागतो आणि ‘हार्डली’त तुलना नसल्याने त्याला ‘व्हेन’. कारण समजले की जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत. प्रश्नपत्रिका या रचनेवर जितके प्रेम करतात तितके इंग्रजी बोलणारे करीत नाहीत. ते सरळ ‘ॲज सून ॲज’ म्हणतात. कायदेशीर मजकुरात आणि सूचनाफलकांवर ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड...’ अशी सुरुवात मात्र नेहमीच भेटते.

याहून धोक्याचे ‘अन्टिल’ आणि ‘अनलेस’. ‘मी येत नाही तोपर्यंत थांब’ याचे ‘वेट अन्टिल आय डोन्ट कम’ असे भाषांतर भारतभर ऐकू येते. मराठी वाक्य घटना न घडण्याच्या अवधीकडे पाहते. तो अवधी संपेपर्यंत थांबायचे असते, म्हणून त्यात ‘नाही’ येणे रास्तच आहे. इंग्रजी वाक्य घटना घडण्याच्या क्षणाकडे पाहते, आणि त्या क्षणी नकार उरलेला नसतो. म्हणून ‘वेट अन्टिल आय कम’. ‘अनलेस’मध्ये तर ‘जर’ आणि ‘नाही’ दोन्ही सामावलेले आहेत. ‘अनलेस यू डोन्ट पे’ म्हणजे ‘पैसे भरले नाहीत तरच सुटका’ असा चमत्कारिक अर्थ होतो. भाडेकराराच्या मसुद्यात ‘चाव्या परत मिळत नाहीत तोपर्यंत अनामत रक्कम दिली जाणार नाही’ हे कलम ‘अन्टिल द कीज आर नॉट रिटर्न्ड’ असे उतरले, तर घरमालकाने स्वतःच्याच सहीने स्वतःविरुद्ध मुद्दा लिहून दिलेला असतो. ‘अन्टिल द कीज आर रिटर्न्ड’ एवढेच पुरे.

‘मलाही’ आणि ‘तोही’ यांतला ‘ही’ होकारात ‘टू’ होतो, नकारात ‘आयदर’. ‘आय लाइक इट टू’, पण ‘आय डोन्ट लाइक इट आयदर’. ‘अजून’चेही असेच दोन तुकडे पडतात. ‘तो अजून इथेच आहे’ मधला ‘स्टिल’, ‘तो अजून आला नाही’ मधला ‘येट’.

जुन्या इंग्रजी व्याकरणांत ‘येस’ आणि ‘नो’ यांचीही गणना क्रियाविशेषणांत होत असे. या दोन शब्दांइतके सोपे इंग्रजी दुसरे नसेल, आणि इतके फसवेही नसेल. ‘तू गेला नाहीस का?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो, नाही गेलो’ असे उत्तर देतो. त्याचा ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या समजुतीला दुजोरा देतो. इंग्रजीतील ‘येस’ आणि ‘नो’ प्रश्नकर्त्याकडे पाहत नाहीत, वस्तुस्थितीकडे पाहतात. कृती घडली असेल तर ‘येस’, घडली नसेल तर ‘नो’. प्रश्न कसाही विचारलेला असो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतो, ‘यू हॅवन्ट ईटन एनीथिंग सिन्स मॉर्निंग?’ रुग्ण नम्रपणे ‘येस’ म्हणतो. त्याच्या मनात ‘हो, काही खाल्लेले नाही’ असते. मराठी जाणणारा डॉक्टर ते बरोबर समजतो. लंडनमधला किंवा जहाजावरचा डॉक्टर मात्र त्याने खाल्ले आहे असे समजून शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू शकतो. उलट प्रकार अधिक गंभीर आहे. खाल्लेले असताना ‘नो’ म्हणून प्रश्नातली समजूत नाकारली, तर पोट रिकामे आहे असे धरून भूल दिली जाईल. व्हिसाच्या मुलाखतीतील ‘यू हॅव नेव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा?’ या प्रश्नाला दिलेला एकाक्षरी ‘येस’ही असाच अर्जदाराच्या विरुद्ध नोंदला जाऊ शकतो.

‘वुड यू माइंड...?’ या प्रश्नाचा रोख ‘हरकत आहे का?’ असा असल्याने संमती द्यायची असेल तर ‘नो, नॉट ॲट ऑल’ म्हणावे. इथे मराठीतला ‘नाही, काही हरकत नाही’ हा वळणच उपयोगी पडतो. नकारार्थी प्रश्नांत मात्र नुसत्या ‘येस’वर किंवा ‘नो’वर न थांबता पुढे क्रियापद जोडावे: ‘नो, आय हॅवन्ट’, ‘येस, आय हॅव’. ‘येस, आय हॅवन्ट’ अशी जोडी इंग्रजीत होतच नाही, त्यामुळे क्रियापद उच्चारताच आधीचा शब्द चुकला असेल तर बोलणाऱ्याच्याच ध्यानात येते. शस्त्रक्रियेच्या खाटेवर तर तेवढ्यावरही न थांबता ‘आय हॅव ईटन नथिंग सिन्स लास्ट नाइट’ हे पूर्ण वाक्यच सांगावे.